मुख्य विषयापलीकडचा विषय : निवड आपली आपण करावी



कॉलेजात प्रवेश घेताना शाखा कोणती घ्यावी, मुख्य विषय कोणता घ्यावा, याचा आपण पुष्कळ विचार करतो. घरात चर्चा होते, शिकलेल्या नातेवाइकांचा सल्ला घेतला जातो. परंतु त्याच अर्जात आणखी एक रकाना असतो. तो म्हणजे खुल्या ऐच्छिक विषयाचा, ज्याला कॉलेजात ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. हा रकाना मात्र पुष्कळदा अर्ज भरून देणारा दुकानदारच आपल्या मनाने भरून टाकतो.

आमच्या परिचयातील एका मुलीच्या बाबतीत असेच घडले. ती बी.एस्सी.ला होती. दुकानदाराने यादीतील पहिला विषय टाकून दिला. वेळापत्रक लागले तेव्हा तिला कळले की, आपल्याला वाणिज्य शाखेचा हिशेबाचा विषय आला आहे आणि त्याचा तास नेमका गावाकडच्या एस.टी.च्या वेळेला आहे. विषय बदलण्याची मुदत संपली होती. हिशेबाचा विषय वाईट नव्हे, पण तो तिने निवडलेला नव्हता. म्हणून हा विषय काय आहे आणि तो कसा निवडावा, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहे.

हा विषय म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांना त्याची रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत शिक्षणाचे मोजमाप श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होते. एक श्रेयांक म्हणजे सत्रात सुमारे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात त्यांपैकी १० ते १२ श्रेयांक खुल्या ऐच्छिक विषयांना दिले असून ते पहिल्या दोन वर्षांत मिळवायचे असतात.

यातील महत्त्वाची अट अशी की, हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेतील चालत नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे भौतिकशास्त्र घेता येणार नाही. त्याला इतिहास, भाषा, हिशेब अशा दुसऱ्या बाजूला जावे लागेल. 'मायनर' विषय याहून वेगळा आहे. तो आपल्याच विद्याशाखेतील असू शकतो. या दोहोंत गल्लत करू नये.

त्याचा उपयोग काय?

"आम्हाला नोकरी हवी, मग दुसऱ्या शाखेचा विषय कशाला?" असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर आपल्या घराच्या भिंतीवरील तसबिरीतच आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. परंतु त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक अभ्यासक्रमही घेतला. ९ मे १९१६ रोजी त्यांनी 'भारतातील जाती' हा सुप्रसिद्ध निबंध वाचला. तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, तर डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. मुख्य विषयाने त्यांना पदवी दिली, तर बाजूच्या विषयांनी आपल्या समाजाचा प्रश्न तपासण्याची साधने दिली. दोन्ही त्यांच्या कार्याला उपयोगी पडली.

आपल्या सेवाग्राम परिसरातही याची उदाहरणे आहेत. १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आश्रमात शिबिराला राहतात आणि पुढे एखाद्या खेड्यात मुक्काम करून कुटुंबांचे आरोग्य पाहतात. हा भाग ऐच्छिक नव्हे, सर्वांनाच करावा लागतो. पण वैद्यकाच्या पुस्तकाबाहेरही शिकण्यासारखे असते, हे त्यात मान्य केलेले आहे. पुढे २०१९ पासून देशभर एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातच ऐच्छिक भाग आला आणि आपल्या आवडीच्या विभागात काही काळ काम करणे हा शिक्षणाचा भाग झाला. अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये दिलेल्या आदर्श अभ्यासक्रमात १६० श्रेयांकांपैकी १८ खुल्या ऐच्छिक विषयांसाठी ठेवलेले होते. म्हणजे कोणत्याही शाखेत गेलात तरी हा प्रश्न आपल्यासमोर येणारच.

निवड कशी करावी?

१) प्रथम यादी मिळवा. विषयांची यादी कॉलेज किंवा विद्यापीठ देते. तीत छापलेला प्रत्येक विषय आपल्या कॉलेजात शिकवला जाईलच असे नाही. शिक्षक आहेत का, वर्ग भरणार का, हे कार्यालयात आधी विचारावे.

२) अभ्यासक्रम वाचा. विषयाच्या नावावर जाऊ नये. घटक कोणते, प्रात्यक्षिक आहे का, अंतर्गत गुण किती, पुस्तके मराठीत मिळतात का, हे पाहावे.

३) आपली उणीव ओळखा. विज्ञानाच्या ज्या विद्यार्थ्याला चार ओळींचा अर्ज लिहिताना अडखळायला होते, त्याने भाषेचा विषय घ्यावा. कलाशाखेच्या ज्या विद्यार्थिनीला स्पर्धा परीक्षेत गणिताची धास्ती वाटते, तिने आकडेमोडीचा किंवा संगणकाचा विषय घ्यावा. कायद्याकडे जायचे असेल तर राज्यघटनेशी संबंधित विषय पाहावा. केवळ मित्राने घेतला किंवा सोपा आहे म्हणून विषय घेऊ नये.

४) वेळ जुळवा. खेड्यातून ये-जा करणाऱ्यांनी गाडीची वेळ आणि तासाची वेळ ताडून पाहावी. शासनाच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर २०१७ पासून घरबसल्या अभ्यासक्रम शिकता येतात. शिकणे विनामूल्य आहे, मात्र प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. ते श्रेयांक आपल्या पदवीत धरले जातील की नाही, हे कॉलेजकडून आधी लेखी घ्यावे.

५) अर्ज पाठवण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचा आणि छापील प्रत जपून ठेवा. बदलाची अंतिम तारीख वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट विसरू नये. या विषयाचीही परीक्षा होते आणि त्याचे श्रेयांक पदवीच्या बेरजेत धरले जातात. बाजूचा विषय म्हणून दुर्लक्ष केले आणि तो राहिला, तर पदवीही अडकते.

समाजबांधवांना विनंती

ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजात जात आहे, तेथे ही माहिती सांगणारे कोणी नसते. शिक्षक, कारकून, अभियंते, परिचारिका असे पुष्कळ लोक आता आपल्या समाजात आहेत. प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी रोज संध्याकाळी तासभर विहारात बसून मुलांचे अर्ज पाहून द्यावेत. त्याला पैसा लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपण घेतलेल्या विषयाची टिपणे व पुस्तके पुढच्यांसाठी ठेवावीत.

अर्जातील बहुतेक रकाने आपल्या गुणांनी, जातीच्या दाखल्याने आणि उत्पन्नाच्या दाखल्याने ठरतात. फार थोडे रकाने आपल्या मनाने भरता येतात. हा त्यांपैकी एक आहे. तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका.