सापडलं नाही, म्हणजे काय कळलं?

मागच्या वेळी आपण अनुपलब्धी या प्रमाणापाशी थांबलो होतो. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरून तिथे घट नाही हे कळतं, असं भाट्ट मीमांसक म्हणतात. पण त्याला एक अट आहे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. हीच योग्यानुपलब्धी. आज ही अट आपण एका हरवलेल्या माणसाच्या शोधाला लावून पाहू.

समजा, इंग्लंडमधल्या एका घरात आजीच्या ट्रंकेत गणवेशातल्या तरुणाचा फोटो निघतो. घरातले सांगतात, ‘हा आजीचा भाऊ. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा पायलट होता, जर्मनीवर गेला तो आलाच नाही.’ हे झालं शब्दप्रमाण. सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण विमानात बसणारा प्रत्येक जण घरच्यांच्या लेखी पायलटच असतो! लँकेस्टर विमानात साधारणपणे सात जण असत आणि त्यांत पायलट एक. आता फोटो नीट पाहू. छातीवर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतील, तर तो पायलट. एकच पंख आणि शेजारी ‘एन’ असेल तर नॅव्हिगेटर, ‘एजी’ असेल तर तोफची. घरची गोष्ट इथे प्रत्यक्षाने दुरुस्त होते.

पुढची पायरी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नामसूची. तिथे बहुधा सेवाक्रमांक, स्क्वाड्रन, मृत्यूची तारीख आणि दफनाची जागा मिळते. मग लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या स्क्वाड्रनची कार्यनोंदवही काढायची. कोण कोण गेलं, किती वाजता उडालं, लक्ष्य कोणतं, परत कधी आलं, हे तिच्यात असतं. एक सावधगिरी मात्र हवी. मोहीम रात्रीची असे, मध्यरात्रीनंतर तारीख बदले, म्हणून मागचापुढचा दिवसही पाहायचा. न परतलेल्या विमानापुढे पुष्कळदा एकच ओळ असते: उड्डाणानंतर काही कळलं नाही.

आता नाव सापडलंच नाही तर? इथे आपली अट लावू. आयोगाची सूची त्या काळात सेवेत मरण पावलेल्या सगळ्यांसाठी आहे. स्पेलिंग बदलून पाहिलं, आद्याक्षरं तपासली, तरी नाव नाही, तर त्या न सापडण्याला वजन आहे. कदाचित तो युद्धात मेलाच नव्हता, घरी परतला नाही एवढंच खरं. पण एका स्क्वाड्रनच्या वहीत नाव नसणं हा काळोखातला घट आहे. माणसं स्क्वाड्रन बदलत. कित्येक जण तर प्रशिक्षणातच, ब्रिटनच्या भूमीवर, अपघातात गेले.

रनीमीडच्या स्मारकावर कबर नसलेल्या २०,००० हून अधिक वैमानिकांची आणि हवाई दलातल्या इतरांची नावं आहेत. तिथे नाव नाही, म्हणून त्याची कबर कुठेतरी असेलच, असंही म्हणता येत नाही. बंगालमधल्या सालबनी किंवा दिग्री इथून लिबरेटर विमानं ब्रह्मदेशावर जात. त्यांतल्या बेपत्ता माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर शोधावी लागतात.

बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाणं केली, त्यांपैकी ५५,००० हून अधिक मेले. एवढ्या घरांत शेवटच्या तासाबद्दल प्रश्न उरला. मग ‘गाव वाचवायला त्याने विमान वळवलं’ अशी गोष्ट हळूहळू तयार होते. तिच्यामागची माया आपल्याला कळते. पण विमानातलं कुणी वाचलं नसेल, जमिनीवरून कुणी पाहिलं नसेल, तर हे कुणाला कळणार होतं? हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. त्याच पानावर लक्ष्य म्हणून एका शहराचं नाव असतं. तिथल्या घरांतही कुणीतरी आपलं माणूस शोधत असतं, हेही वाचताना विसरू नये.

म्हणून शोधाची वही घालताना तीन रकाने आखू या: काय सापडलं, कुठे शोधूनही सापडलं नाही, आणि कुठे अजून पाहिलंच नाही. दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळू द्यायचा नाही. शेवटच्या तासाची जागा कोरी राहिली तर कोरी ठेवू. त्या मुलाबद्दल आपण खरं तेवढंच सांगितलं, असं मग म्हणता येईल.