लँडलाइनवरचं नेट सारखं तुटतंय? आधी मोडेमचा दिवा बघा

ऑनलाइन परीक्षा चालू असताना नेट गेलं, की आपण पहिला दोष वाय-फायला देतो. पण मोबाइलवर वाय-फायच्या कांड्या फुल असल्या तरी नेट बंद असू शकतं. त्या कांड्या फक्त मोबाइल ते मोडेम एवढंच सांगतात. पुढचं कळतं मोडेमवरच्या डीएसएलच्या दिव्यावरून. नेट गेल्यावर तो लुकलुकायला लागला, तर गडबड तांब्याच्या तारेत आहे.

आता लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावा. खरखर येतेय? पावसाळ्यात तारेच्या जॉइंटमध्ये ओल गेली की असं होतं. आणि फोनची रिंग वाजली की नेट जात असेल, तर स्प्लिटर तपासा. एकाच तारेवरचा आवाज आणि डेटा वेगळे करणारी ती छोटी डबी. आतल्या खोलीत फिल्टरशिवाय जोडलेला जुना फोन असेल, तर माझा पहिला संशय त्याच्यावरच!

खात्री करायला सगळे फोन काढा आणि बाहेरची तार घरात येते तिथल्या पहिल्या सॉकेटलाच मोडेम लावा. नेट टिकलं तर दोष घरातल्या वायरिंगचा. नाही टिकलं तर मोडेमचं सेटिंग पेज उघडा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१) आणि ‘एसएनआर मार्जिन’ बघा. साधारण ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन डळमळणारच. त्याचा स्क्रीनशॉट काढून तक्रारीसोबत पाठवा, म्हणजे ‘मोडेम बंद करून चालू करा’ एवढ्यावर तुमची बोळवण होणार नाही.