जुन्या इंग्रजी कागदांतील परिचित शब्द व त्यांचे पालटलेले अर्थ

मोडी, फारसी अथवा पोर्तुगीज कागद हातीं आला म्हणजे संशोधक सावध असतो. शब्द अडला कीं तो कोश उघडतो. इंग्रजी कागदाच्या बाबतींत मात्र तसें होत नाहीं. तेथील बहुतेक शब्द त्यास शाळेपासून परिचित असतात, आणि खरा धोका येथेंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० सालच्या ३१ डिसेंबरची. त्या काळच्या व आजच्या इंग्रजींत शब्दांचीं रूपें पुष्कळशीं तींच आहेत, पण कित्येकांचे अर्थ पालटले आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचें साधन म्हणून आपण हे कागद वापरतों. तेव्हां शब्दाचा आधुनिक अर्थ जुन्या पत्रावर लादणें म्हणजे इतिहासांत न घडलेली गोष्ट घुसविणें होय.

अर्थ पालटण्याचे प्रकार संस्कृतज्ञांस नवे नाहींत. 'मृग' म्हणजे मूळचा कोणताही वन्य पशु. पुढें तो शब्द हरणापुरता उरला. मूळ व्यापक अर्थाची खूण 'मृगराज' व 'शाखामृग' या समासांत राहिली. इंग्रजी 'डिअर' शब्दाचें नेमकें हेंच झालें. प्राचीन इंग्रजींत तो पशुमात्राचा वाचक होता. त्याचा सगोत्र जर्मन शब्द 'टीअर' आजही पशु या अर्थीं चालतो. 'मीट' म्हणजे पूर्वीं कोणतेंही अन्न. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तो त्याच अर्थीं येतो. आज त्याचा अर्थ मांस, परंतु मिठाईस 'स्वीटमीट' म्हणतात त्यांत जुना अर्थ टिकला आहे. हा अर्थसंकोच झाला. अर्थाचा उत्कर्ष व अपकर्षही होतो. 'नाइट' आणि 'नेव' हे दोन्ही शब्द मूळचे 'मुलगा' या अर्थाचे. पैकीं पहिला मानकरी योद्धा ठरला, दुसरा लुच्चा.

आतां आपल्या उपयोगाचे शब्द पाहूं. त्यांत पहिला मान 'फॅक्टरी'चा. लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणें. त्यावरून 'फॅक्टर' म्हणजे दुसऱ्याकरितां काम करणारा, अर्थात् व्यापारी मुनीम अथवा गुमास्ता. तो जेथें राहून माल सांठवी व व्यवहार करी ती 'फॅक्टरी'. पोर्तुगीजांची 'फेतोरिया' ती हीच. यास्तव सुरतेची किंवा राजापूरची इंग्रजी फॅक्टरी म्हणजे वखार; तेथें यंत्रावर माल तयार होत नव्हता. राजापूरच्या वखारीचें १६६१ सालीं जें नुकसान झालें, त्याची भरपाई हा १६७४ सालीं रायगडास आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या बोलण्यांतील एक विषय होता. तेथें 'कारखाना' असें भाषांतर केल्यास चूक दुहेरी होते. कारण शिवकालीन मराठींत कारखाना म्हणजे राज्याचें एक खातें. तोफखाना, पीलखाना, नगारखाना हे त्या अठरा कारखान्यांपैकीं होत.

'रायटर' म्हणजे ग्रंथकार नव्हे. कंपनीच्या नोकरींतील ती खालची पायरी. तिच्यावर फॅक्टर, धाकटा व्यापारी व थोरला व्यापारी अशी चढण असे. कलकत्त्याची 'रायटर्स बिल्डिंग' अशा कारकुनांकरितां बांधलेली. 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्द मूळचा वस्त्र नेसविण्याचा. पैशास मालाचें रूप देणें, असा त्याचा व्यापारी अर्थ पौर्वात्य व्यापाराच्या संबंधानें सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजींत रुळला. कंपनीच्या पत्रांत तो विलायतेस पाठविण्याकरितां खरेदी करावयाच्या मालास लावलेला असतो. त्यास केवळ 'गुंतवणूक' म्हटल्यास कापडाचे गठ्ठे वाचकाच्या डोळ्यांपुढून नाहींसे होतात.

सर्वांत घातक शब्द 'प्रिटेंड'. लॅटिन 'प्रायतेन्देरे' म्हणजे पुढें ताणणें; त्यांतील धातु आपल्या 'तन्' धातूचा सगोत्र. त्यावरून पुढें मांडणें, हक्क सांगणें असा अर्थ झाला. सोंग करणें हा अर्थ जुन्या इंग्रजींतही होता, पण तो एकटा नव्हता. १७१५ व १७४५ सालीं इंग्लंडच्या गादीकरितां उठलेल्या स्टुअर्ट घराण्यांतील पुरुषांस 'प्रिटेंडर' म्हणत, तें हक्कदार या अर्थीं. म्हणून एखादा सरदार अमुक मुलखावर हक्क 'प्रिटेंड' करतो असें पत्रांत आल्यास त्याचा दावा खोटा होता असें अनुमान काढूं नये. पत्रलेखकानें कदाचित् केवळ दाव्याची नोंद केली असेल. एका क्रियापदावरून पूर्वजांस लबाड ठरविणें न्याय्य नव्हे. 'प्रेझेंटली' शब्दही असाच. प्रथम तो 'तत्काळ' या अर्थीं होता, पुढें 'थोड्या वेळानें' झाला. फौज तत्काळ निघाली कीं कांहीं वेळानें, हें लढाईच्या तिथिनिर्णयांत क्षुल्लक नाहीं.

यावरून तीन नियम सांगतां येतील. शब्दाचा अर्थ पत्राच्या सालावरून पाहावा. १८८४ पासून १९२८ पर्यंत भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशांत अर्थ कालानुक्रमें व उताऱ्यांसह दिले आहेत. हिंदुस्थानांतील विशिष्ट प्रयोगांकरितां यूल व बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' जवळ ठेवावा. तिसरें, व्युत्पत्ति ही वाटाड्या आहे, निर्णायक नव्हे. निर्णय त्याच दप्तरांतील इतर प्रयोगांवरून करावा.

मराठी कागदांसही हें लागू आहे. जुन्या निवाड्यांतील 'राजीनामा' म्हणजे पक्षकारांनीं लिहून दिलेलें संमतिपत्र. त्यांनीं कोणतीही नोकरी सोडलेली नसते.