खेळातील विटा आणि घराची भिंत

पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे सारख्या आकाराचे लाकडी ठोकळे ठेवले, तर ते पहिल्याने एकावर एक ठोकळा ठेवून मनोरा उभारते. मनोरा कोसळतो, मूल हसते आणि तो पुन्हा उभारते. काही दिवसांनी तेच मूल दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून दार करते, आणि पुढे भिंत रचू लागते. ही पहिली भिंत बहुधा उभ्या रांगांची असते. ठोकळ्यावर ठोकळा, सांध्यावर सांधा. दिसावयास ती भिंत असते खरी. परंतु बोट लागताच तिच्या रांगा सुट्या होऊन पडतात. या क्षणी शिक्षक काय करतो, यावर त्या खेळातून शिक्षण घडणार की केवळ वेळ जाणार, हे ठरते. भिंत का पडली, हा प्रश्न मुलाच्याच मुखी आला, तर गवंडीकामाचे मूलतत्त्व त्याला प्राथमिक शाळेतच हाती लागते. ते तत्त्व असे, की भिंतीचे बळ विटेत असते त्याहून अधिक विटांच्या रचनेत असते.

खेळण्याचा पूर्वेतिहास

ठोकळ्यांना शाळेत मानाचे स्थान प्रथम दिले ते जर्मन शिक्षणज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. इ. स. १८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. त्यांच्या शिक्षणसाहित्यातील तिसऱ्या संचात दोन इंचांचा एक घन असून त्याचे एकेक इंचाचे आठ घन होतात. चौथ्या संचात तोच घन विटेच्या आकाराच्या आठ तुकड्यांत विभागलेला असतो; प्रत्येक तुकडा दोन इंच लांब, एक इंच रुंद व अर्धा इंच जाड. पूर्णातून भाग आणि भागांतून पुन्हा पूर्ण, हा विचार त्यामागे होता.

पुढे एकमेकींत अडकणाऱ्या विटांची खेळणी निघाली. त्यांत सर्वांत प्रसिद्धी पावलेली वीट डेन्मार्कमधील बिलुंड गावची. तेथील सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा धंदा सुरू केला. त्याला पुढे ‘लेगो’ हे नाव मिळाले. १९४९ मध्ये या कारखान्याने माथ्यावर गुंड्या असलेली पोकळ वीट काढली. पण ती सैल बसे. विटेच्या पोटात नळ्या बसविण्याची युक्ती सापडली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज करण्यात आला. तेव्हापासून खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या भिंती व नळ्या यांच्यामध्ये घट्ट धरल्या जातात.

मापाचा मेळ

या खेळण्यातून शिकावयाची पहिली गोष्ट म्हणजे मापाचा मेळ. लेगोच्या नेहमीच्या विटेवर दोन रांगांत मिळून आठ गुंड्या असतात. म्हणजे दोन रुंद्या मिळून एक लांबी होते. तीन पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या, की एका विटेची उंची भरते. मापे इतकी नेमकी असल्यामुळे १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. अशा आठ गुंड्यांच्या व एकाच रंगाच्या दोन विटा परस्परांवर २४ रीतींनी बसविता येतात, तीन विटा १,०६० रीतींनी, आणि सहा विटा तब्बल ९१,५१,०३,७६५ रीतींनी. वस्तू थोडी आणि सारखी, पण मेळ अचूक, तर रचना अगणित, हे या आकड्यांवरून वरच्या इयत्तांतील मुलांच्या सहज ध्यानी येते.

आता खरी वीट पाहावी. भारतीय प्रमाण विटेचे माप १९ × ९ × ९ सें.मी. असते. हे माप विचित्र वाटते. पण गवंडी दोन विटांमध्ये एक सें.मी. जाडीचा सांधा ठेवतो, हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होतो. दोन रुंद्या १८ सें.मी. व मधला सांधा १ सें.मी., मिळून १९ सें.मी., म्हणजे विटेची लांबी. हे उदाहरण मुलांनी फळ्यावर सोडवावे आणि मग गावातील वीट आणून पट्टीने मोजावी. हातभट्टीच्या विटा नेहमीच या मापाच्या नसतात. दोन रुंद्या व सांधा मिळून लांबी भरली नाही, तर गवंड्याला काय अडचण येईल, याचा विचार मुलांनीच करावा.

सांध्यावर सांधा नको

विटांच्या एकेका थराला गवंडी ‘रद्दा’ म्हणतात. खालच्या रद्द्यातील दोन विटांचा उभा सांधा जेथे येतो, तेथे वरच्या विटेचा मध्य यावा. सांध्यावर सांधा येऊ नये, हा गवंडीकामाचा पहिला नियम. असे केल्याने वरच्या विटेचा भार खालच्या दोन विटांवर वाटला जातो, त्यांचा त्यांच्या खालच्या तीन विटांवर, आणि भार पसरत पसरत पायापर्यंत जातो. उभ्या रांगांच्या भिंतीत मात्र प्रत्येक रांग आपापला भार एकटीच वाहते व शेजारणीचा आधार तिला मिळत नाही. चुना किंवा सिमेंट उत्तम असले, तरी हा नियम सुटत नाही. एकसारख्या उभ्या सांध्यातूनच भेगेला सरळ वाट मिळते.

रद्दा अर्ध्या विटेने सरकविला, की टोकाला अर्ध्या विटेची जागा रिकामी राहते. मुले ती जागा पाहून गोंधळतात. अर्धी वीट कशासाठी लागते, हे शिक्षकाने आधी सांगू नये; ती रिकामी जागाच ते सांगते.

कोपऱ्याचे तत्त्वही यातूनच निघते. एका रद्द्यात पहिल्या भिंतीची वीट कोपऱ्यापर्यंत जाते. दुसऱ्या रद्द्यात काटकोनातल्या भिंतीची वीट तिच्यावर येते. रुंदी लांबीच्या निम्मी असल्यामुळे सांधे आपोआप मोडतात आणि दोन्ही भिंती बोटांत बोटे गुंफावीत तशा गुंफल्या जातात. दोन भिंती वेगवेगळ्या रचून कोपऱ्यात नुसत्या टेकविल्या, तर धक्का बसताच त्या परस्परांपासून सुटतात.

दोन पदरांची भिंत

जाड भिंत पातळ भिंतीहून बळकट असते, अशी सर्वांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. विटांच्या दोन पातळ भिंती एकमेकींना चिकटून उभ्या केल्या, तर जाडी दुप्पट होते; परंतु दोन्ही पदरांना जोडणारी एकही वीट नसेल, तर ती जाड भिंत नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंतीच होत. म्हणून एका रद्द्यात विटा भिंतीच्या लांबीला समांतर दोन ओळींत ठेवाव्यात व त्यावरील रद्द्यात त्या आडव्या, म्हणजे भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार ठेवाव्यात. या रचनेस ‘इंग्लिश बंध’ म्हणतात. आरपार रद्द्यात टोकाची पहिली वीट ठेवल्यावर तिच्या शेजारी पाव विटांची जोडी घालावी, म्हणजे पुढचे सर्व सांधे खालच्या सांध्यांवरून सरकतात.

हा नियम केवळ विटांचा नाही, दगडी भिंतीलाही तो लागू आहे. आणि तो न पाळल्याचे मोल महाराष्ट्राने दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला व लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील अनेक घरांच्या भिंती जाडजूड होत्या, वर मातीच्या माळवदाचे ओझे होते. परंतु त्या भिंती गोलसर, अनघड दगडांच्या दोन पदरांच्या असून मधली पोकळी चिपा व मातीने भरलेली होती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते. हादरा बसताच पदर फुगून अलग झाले, कोपरे सुटले आणि छप्पर निजलेल्या माणसांवर आले. दगडी भिंतीत उंचीच्या दर ६० सें.मी.ला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता आरपार दगड घालावेत, असे भूकंपरक्षक बांधकामाचे नियम सांगतात. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून घराच्या चारही भिंतींना कवळणारा अखंड पट्टाही ते आवश्यक मानतात. पाटावर दोन पदरांची लहानशी भिंत रचणाऱ्या मुलाच्या हाती जे तत्त्व येते, ते हेच होय.

पोकळी आणि तोल

भिंतीत दार ठेवावयाचे, तर वरच्या विटांना आधार हवा. सहा सें.मी. लांबीची वीट तीन सें.मी.च्या पोकळीवर ठेवली, तर दोन्ही बाजूंस दीड-दीड सें.मी. टेकू मिळतो. पोकळी पाच सें.मी. केली, तर टेकू अर्धा-अर्धा सें.मी. उरतो आणि हात लागताच वीट घसरते. पाटईला दोन्ही बाजूंनी पुरेसा टेकू का लागतो, ते येथे दिसते.

तोलाचा एक प्रयोग फार मनोरंजक आहे. टेबलाच्या कडेवर पाच विटांची चळत ठेवावी. सर्वांत वरची वीट खालच्या विटेच्या पुढे जवळजवळ अर्ध्या लांबीने सरकवावी, तिच्या खालची पाव लांबीने, तिसरी एक-षष्ठांश, चौथी एक-अष्टमांश व पाचवी टेबलाच्या कडेपुढे एक-दशांश लांबीने. प्रत्येक अंतर किंचित कमीच ठेवावे. वीट सहा सें.मी.ची असेल, तर ही अंतरे ३, १.५, १, ०.७५ व ०.६ सें.मी. होतात. त्यांची बेरीज ६.८५ सें.मी., म्हणजे एका विटेहून अधिक! वरची वीट संपूर्णपणे कडेबाहेर जाऊनही पडत नाही. एकेक थर थोडाथोडा पुढे काढून पोकळी झाकण्याची ही युक्ती हेमाडपंती देवळांच्या छतांत पाहावयास मिळते. तेथील दगड चुन्यावाचून, केवळ भार व बैठक यांच्या बळावर शतकानुशतके टिकले आहेत. जवळपास असे देऊळ असल्यास सहलीच्या वेळी मुलांना छताकडे मान वर करून पाहण्यास अवश्य सांगावे.

खेळण्याची मर्यादा

गुंड्यांच्या विटा एकमेकींना धरून ठेवतात. भिंत उलटी केली तरी सुटत नाही. खरी भिंत अशी नसते. ती मुख्यतः भाराने बसलेली असते. दाब ती उत्तम सोसते, ओढ मात्र फार थोडी. म्हणून केवळ गुंड्यांच्या विटांवर शिकलेल्या मुलाची फसगत होण्याचा संभव आहे. रचनेची कल्पकता गुंड्यांच्या विटांनी वाढते, वजनाचे ज्ञान मात्र साध्या ठोकळ्यांनीच होते. खेडेगावच्या शाळेस हे सोयीचेच आहे. कारण साधे ठोकळे गावातच तयार होतात. ताराबाई मोडक यांनी बोर्डी व कोसबाड येथील बालवाड्यांत परिसरातील साध्या वस्तूंना शिक्षणसाहित्याचे स्थान दिले. तीच दृष्टी येथे ठेवावी.

साहित्य व पाठ

गावच्या सुताराकडून ३ × ३ सें.मी. जाडीची, रंधलेली व कोरडी लाकडी पट्टी सुमारे पाच मीटर घ्यावी. तिचे सहा सें.मी. लांबीचे ६० तुकडे (पूर्ण विटा), तीन सें.मी.चे २० (अर्ध्या) व दीड सें.मी.चे १२ (पाव) कापून घ्यावेत. कापणे काटकोनात व्हावे; तिरप्या ठोकळ्यांनी पाठ बिघडतो. कडा काचकागदाने घासाव्यात. या संचातून २४ सें.मी. लांबीची, इंग्लिश बंधाची सात रद्द्यांची भिंत उभी राहते. तीत लांबीच्या चार रद्द्यांस ३२ व आरपार तीन रद्द्यांस २१, मिळून ५३ पूर्ण विटा आणि १२ पाव विटा लागतात. हा हिशेब भिंत रचण्यापूर्वी मुलांनीच करावा.

पाठ असा घ्यावा. एका पाटावर दोन भिंती रचाव्यात. सारख्या उंचीच्या व सारख्या जाडीच्या दोन्ही भिंती एका संचात होतील इतक्या लहान असाव्यात. एकीत सांध्यावर सांधा आणि दोन पदर वेगळे; दुसरीत सांधे मोडलेले आणि आरपार विटा घातलेल्या. कोणती आधी पडेल, हे प्रत्येक मुलाने पाटीवर लिहावे. मग पाटाखाली चार गोल पेन्सिली ठेवून पाट हळूहळू व पुढे जोराने हालवावा. भिंत कोठून फुटली, हे मुलांनी बोट ठेवून दाखवावे व चित्र काढावे. प्रयोग दोन-तीनदा करावा; एकदा घडले ते नियम होत नाही. पडलेली भिंत शिक्षकाने स्वतः नीट करून देऊ नये. मुलांच्या हातून चूक होणे, हाच या पाठाचा अर्धा भाग आहे.

त्यानंतर शाळेच्या किंवा गावातील चालू बांधकामाच्या भिंतीपाशी मुलांना न्यावे. गवंड्याने ओळंबा कसा सोडला, सांधा कोठे मोडला, कोपरा कसा गुंफला, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे. गवंडी हा त्या दिवसाचा शिक्षक समजावा आणि त्याचा मान मुलांसमोर राखावा. मात्र जुन्या घरांविषयी मुलांच्या मनात भीती भरू नये. एखाद्या भिंतीला भेग वा फुगवटा दिसला, तर शिक्षकाने स्वतः निदान न करता पालकांना जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेण्यास सांगावे.

आज ठोकळे रचणारी मुले उद्या घरे बांधतील किंवा बांधवून घेतील. त्यांतील फार थोडी अभियंते होतील, पण गवंड्याच्या शेजारी उभे राहून “या भिंतीत आरपार दगड कोठे घातले?” एवढा प्रश्न विचारण्याची वेळ प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येईल. तो प्रश्न त्यांना सुचावा, एवढी सिद्धता पाच मीटर लाकडाच्या पट्टीतून व आठवड्याच्या एका तासातून कोणत्याही शाळेला करता येण्याजोगी आहे.