.४५८ विंचेस्टर मॅग्नम

.४५८ विंचेस्टर मॅग्नम हे हत्ती, केप म्हैस यांसारख्या मोठ्या व धोकादायक वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी तयार करण्यात आलेले अमेरिकन बनावटीचे रायफलचे काडतूस आहे. विंचेस्टर कंपनीने ते १९५६ साली आपल्या मॉडेल ७० या रायफलच्या 'आफ्रिकन' नावाच्या आवृत्तीसह बाजारात आणले. नावातील आकडा गोळीचा व्यास दर्शवितो. हा व्यास ०.४५८ इंच, म्हणजे ११.६३ मिलिमीटर आहे. महागड्या ब्रिटिश दुनळी रायफलींना स्वस्त पर्याय देणारे काडतूस म्हणून ते अल्पावधीत आफ्रिकाभर पसरले. मात्र पुढील काळात पुंगळीतील दारूच्या दोषामुळे त्याच्या विश्वासार्हतेबद्दल गंभीर शंका निर्माण झाल्या. या दोषाचे निवारण आणि त्यातून जन्मलेली नवी काडतुसे हा शिकारी शस्त्रांच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. १८९८ साली जॉन रिग्बी या ब्रिटिश शस्त्रनिर्मात्या पेढीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस तयार केले. ४८० ग्रेन (३१.१ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,१५० फूट (६५५ मीटर) वेगाने फेकणारे हे काडतूस हत्तीच्या शिकारीचे प्रमाण मानले जाऊ लागले. कॉर्डाइट उष्णतेला संवेदनशील असल्याने उष्ण प्रदेशात नळीतील दाब वाढून रिकामी पुंगळी अडकण्याचा धोका असे. तो टाळण्यासाठी या काडतुसांच्या पुंगळ्या मुद्दाम लांब व प्रशस्त ठेवून दाब कमी राखला जाई.

या इतिहासाचा भारताशी थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदान येथे .४५० व्यासाच्या खासगी काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच व्यासाच्या होत्या. शिकारीच्या काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोर त्या या रायफलींसाठी वापरतील, अशी सरकारला भीती होती. भारतातील ग्राहक गमावू नयेत म्हणून ब्रिटिश निर्मात्यांनी .४६५, .४७० आणि .४७६ अशा किंचित मोठ्या व्यासांची काडतुसे तयार केली. त्यांची शक्ती .४५० च्या जवळपास तेवढीच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्य आकुंचित झाले. हाताने घडविलेल्या दुनळी रायफली सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर होत्या आणि त्यांच्या काडतुसांचे उत्पादनही घटू लागले. १९६० च्या दशकात किनॉक या प्रमुख उत्पादकाने नायट्रो एक्सप्रेस काडतुसांची निर्मिती क्रमशः थांबविली. ज्याची उपजीविका रायफलीवर अवलंबून होती, अशा व्यावसायिक शिकाऱ्यासमोर काडतुसे मिळणार कोठून, हा खरा प्रश्न होता.

रचना

.४५८ ची पुंगळी हॉलंड अँड हॉलंड या पेढीच्या १९१२ मधील .३७५ मॅग्नम काडतुसाच्या पुंगळीपासून घेतलेली आहे. मूळ पुंगळी ७२.४ मिलिमीटर लांब असून तिला मानेजवळ उतरता खांदा आहे. विंचेस्टरने ती ६३.५ मिलिमीटरपर्यंत आखूड करून जवळजवळ सरळ केली. पुंगळीच्या तळाशी, कडेच्या थोडा पुढे, एक जाड पट्टा असतो. काडतूस नळीत किती आत जाऊन थांबावे हे अनेक काडतुसांत खांद्यामुळे ठरते. .४५८ ला असा खांदा नसल्याने हे काम पट्टा करतो. म्हणून या काडतुसात पट्टा केवळ परंपरेने आलेला नसून रचनेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

पुंगळी आखूड करण्यामागे व्यावहारिक कारण होते. संपूर्ण काडतुसाची लांबी सुमारे ८४.८ मिलिमीटर ठेवल्याने ते .३०-०६ सारख्या सर्वसाधारण काडतुसासाठी बनविलेल्या बोल्ट पद्धतीच्या रायफलीत बसू शकले. त्यासाठी वेगळी, लांब व महाग यंत्रणा घडविण्याची गरज उरली नाही. एका मागोमाग तीन-चार गोळ्या झाडण्याची सोयही मिळाली. दुनळी रायफलीत दोन गोळ्यांनंतर ती पुन्हा भरावी लागे.

कंपनीच्या दाव्यानुसार ५०० ग्रेन (३२.४ ग्रॅम) वजनाची गोळी २६ इंची नळीतून सेकंदाला २,१३० फूट (६४९ मीटर) वेगाने बाहेर पडत असे. त्यावेळची ऊर्जा सुमारे ६,८०० ज्यूल, म्हणजे .४५० नायट्रो एक्सप्रेसच्या बरोबरीची होते. रायफलीचा खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ च्या साधारण तिप्पट असल्याने सरावाशिवाय ती वापरणे कठीण जाते.

दारूचा प्रश्न

लहान पुंगळीत एवढा वेग मिळविण्यासाठी दारू दाबून भरावी लागत असे. काडतुसे दीर्घकाळ साठविल्यावर, विशेषतः उष्ण हवेत, ही दाबलेली दारू घट्ट होऊन तिचे ढेकूळ बनण्याच्या तक्रारी आल्या. अशी दारू एकसारखी पेटत नाही. परिणामी गोळीचा वेग एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत बदलत असे आणि काही वेळा तो धोक्याच्या मर्यादेपर्यंत घटे. शिवाय अनेक रायफलींच्या नळ्या २६ इंचांपेक्षा आखूड असल्याने छापील वेग प्रत्यक्षात मिळत नसे.

या घटीचा अर्थ आकड्यांतून स्पष्ट होतो. ५०० ग्रेनची गोळी २,१३० ऐवजी १,९०० फूट वेगाने निघाली तर तिची ऊर्जा सुमारे ५,४०० ज्यूलवर येते, म्हणजे जवळपास एक पंचमांश शक्ती नाहीशी होते. हरणाच्या शिकारीत याचा परिणाम केवळ हुकलेल्या शिकारीपुरता राहील. मात्र हत्तीच्या मेंदूपर्यंत पोहोचण्यासाठी गोळीला पोकळ्यांनी भरलेल्या हाडाचा जाड थर भेदावा लागतो. तेथे गोळी अर्ध्यावर थांबली तर जखमी जनावर उलट चाल करून येते आणि शिकाऱ्याचा, मागकाढ्याचा किंवा वनरक्षकाचा जीव धोक्यात येतो. प्राण्यालाही दीर्घकाळ यातना सोसाव्या लागतात.

पुढे विंचेस्टरने दारूचा प्रकार व भरण्याची पद्धत बदलून हा दोष दूर केला. आज उपलब्ध असलेल्या सुधारित दारूमुळे जुन्या तक्रारी बहुतांशी इतिहासजमा झाल्या आहेत. तरीही काडतुसाची डागाळलेली प्रतिमा पूर्णपणे पुसली गेली नाही.

.४५८ लॉट

जॅक लॉट हे अमेरिकन शिकारी व लेखक १९५९ साली मोझांबिकमध्ये केप म्हशीच्या हल्ल्यात जखमी झाले. .४५८ विंचेस्टरची शक्ती अपुरी असल्याचे मत झाल्याने त्यांनी अधिक प्रभावी काडतुसाचा शोध सुरू केला. १९७१ च्या सुमारास त्यांनी .३७५ ची पुंगळी जवळजवळ पूर्ण लांबीची ठेवून .४५८ लॉट तयार केले. ७१.१ मिलिमीटरच्या या पुंगळीत दारू न कोंबता ५०० ग्रेनच्या गोळीला सुमारे २,३०० फूट वेग मिळतो. लॉटसाठी बनविलेल्या रायफलीत .४५८ विंचेस्टरची काडतुसेही झाडता येतात, त्यामुळे दुर्गम भागात मूळ काडतूस मिळाले नाही तरी अडत नाही. २००२ साली हॉर्नाडी कंपनीने लॉटचे कारखानी उत्पादन सुरू केल्यावर त्याचा प्रसार वाढला.

उपयोग

या काडतुसासाठी प्रामुख्याने दोन प्रकारच्या गोळ्या वापरल्या जातात. हत्तीसाठी न फुलणारी, टणक आवरणाची किंवा एकसंध धातूची गोळी वापरतात, कारण तेथे सरळ व खोल भेदन आवश्यक असते. सिंहासारख्या तुलनेने हलक्या प्राण्यासाठी आत शिरल्यावर फुलणारी मऊ टोकाची गोळी योग्य ठरते. टणक गोळी प्राण्याच्या आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला लागू शकते. म्हणून कळपात ती झाडताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

शिकारीखेरीज आफ्रिकेतील वन्यजीव विभागांनी पिकांची नासधूस करणाऱ्या किंवा मनुष्यवस्तीस धोकादायक ठरलेल्या हत्तींच्या नियंत्रणासाठी हे काडतूस वापरले. अलास्कामध्ये तपकिरी अस्वलांच्या प्रदेशात काम करणारे काही मार्गदर्शकही संरक्षणासाठी ते बाळगतात.

सद्यस्थिती

ज्या शिकारीसाठी हे काडतूस जन्मले, तिचे क्षेत्र आता पुष्कळ मर्यादित झाले आहे. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली. परवानाधारक शिकारीच्या शुल्कातून संवर्धनाला हातभार लागतो, असे तिचे समर्थक मानतात; हा पैसा स्थानिकांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही आणि प्राण्याला मारणेच मुळात अनुचित आहे, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीमुळे मनोरंजनार्थ शिकार पूर्णतः संपुष्टात आली. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या अनुसूची एकमधील प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची खात्री झाल्यासच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात.