नराविना वंश चालविणारा वाळा

चेन्नईच्या दक्षिणेस, कोरोमंडल किनाऱ्यालगत सिरुसेरी हे गाव आहे. आज तेथे संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत. अशा परिसरातील बागेची ओलसर माती उकरताना गांडुळासारखा, काळसर, चकाकणारा एखादा प्राणी वळवळत बाहेर पडावा, यात नवल नाही. मात्र गांडुळाच्या अंगावर वळी असतात, तर याच्या अंगावर बारीक, एकसारखे खवले असतात. हा साप होय. महाराष्ट्रात त्याला वाळा म्हणतात. नागाचे पिल्लू समजून लोक त्याला ठेचतात. वस्तुतः तो बिनविषारी असून मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या खाऊन राहतो.

कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा पॅट्रिक रसेल याचा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वर्णनाच्या आधारे दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये वाळ्याला शास्त्रीय नाव दिले. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य ध्यानी येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. जमविलेले नमुने तपासले, तेव्हा त्या सर्व माद्याच निघाल्या. मराठीत आपण ‘तो वाळा’ म्हणतो खरे, पण तो नेहमी ‘ती’च असते!

आल्याच्या कंदाचा तुकडा पुरला की नवे रोप उगवते; तेथे अंड्याचा प्रश्नच नसतो. वाळ्याची मादी मात्र अंडी घालते. सामान्यतः प्राण्यांच्या अंडपेशीत गुणसूत्रांचा निम्माच वाटा असतो व उरलेला निम्मा शुक्रपेशीकडून मिळतो. वाळ्याच्या अंडपेशीत मातेचा सगळाच वाटा उतरतो; त्यामुळे फलनावाचून तिच्यातून पिल्लू वाढते. या प्रकारास अनिषेकजनन म्हणतात. काही ग्रंथकार त्याची गणना अलैंगिक प्रजोत्पादनात करतात, काही करीत नाहीत. वाळ्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत. म्हणून नेहमीच्या रीतीचे प्रजनन अशा प्राण्यास दुष्कर ठरते.

या रीतीत लेकी जवळजवळ मातेच्या प्रतिकृतीच असतात. दोन जीवांच्या गुणांची सरमिसळ होत नाही. एकीला मारक ठरणारा रोग साऱ्यांनाच मारक ठरण्याचा धोका राहतो. उलट, जोडीदार शोधण्याची गरज नसल्याने नवा मुलूख वसविण्यास एकच मादी पुरते. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून वाळा आफ्रिका, हवाई, मेक्सिको व फ्लॉरिडापर्यंत पोहोचला आहे. इंग्रजीत तर त्याला ‘कुंडीतला साप’ अशा अर्थाचेच नाव पडले आहे.