जुन्या वास्तूंचा चुन्याचा गिलावा : दुरुस्ती कशी करावी?

पावसाळा सरला की जुन्या शाळा, चावड्या, कचेऱ्या आणि वाडे यांच्या डागडुजीची अंदाजपत्रके तयार होऊ लागतात. भिंतींचे पोपडे निघालेले असतात, जोत्यालगत ओल चढलेली असते, क्वचित वर्गाच्या छतातून गिलाव्याचा तुकडा खाली येतो. अशा वेळी अंदाजपत्रकातील एक बाब जणू ठरलेली असते : 'जुना गिलावा काढून सिमेंटचा नवा गिलावा करणे.' काम झाले की भिंत गुळगुळीत व भक्कम दिसते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर मात्र तीच ओल पूर्वीपेक्षा हातभर वर आलेली आढळते आणि सिमेंटचा थर विटेचा पापुद्रा घेऊन सुटू लागतो. गवंड्याला किंवा ठेकेदाराला बोल लावून उपयोग नसतो. काम चांगले झालेले असूनही असे घडते, कारण त्या भिंतीसाठी निवडलेला मालच चुकीचा असतो.

पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला. पोर्टलँड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमध्ये घेतले गेले ते १८२४ साली, आणि आपल्या खेड्यापाड्यांत सिमेंट सर्रास पोहोचले ते त्याच्याही पुष्कळ नंतर. तोपर्यंतचे सारे पक्के बांधकाम चुन्याचे होते. मातीच्या वा कच्च्या विटांच्या भिंतींवरही पुष्कळ ठिकाणी चुन्याचाच हात फिरलेला असे. या भिंतींखाली आजच्यासारखा ओलरोधक थर नसतो. जमिनीतील पाणी त्या थोडेफार शोषून घेतात आणि सच्छिद्र गिलाव्यातून ते हवेत सोडून देतात. सिमेंटचा कठीण, दाट थर ही वाट अडवतो. आत कोंडलेले पाणी वर चढते. त्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या पाठीमागे स्फटिकरूप धरतात आणि वीट आतून भुसभुशीत करतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. भिंतीत गुंतलेले लाकडी खांब व तुळयांची टोके याच कोंडलेल्या ओलीने कुजतात. म्हणून एक नियम ध्यानी ठेवावा : गिलावा हा भिंतीपेक्षा नरम असावा. झिजायचेच असेल तर ते गिलाव्याने झिजावे. गिलावा पुन्हा करता येतो. भिंत पुन्हा बांधणे सोपे नाही.

आधी ओलीचे मूळ शोधावे

थापी हाती घेण्यापूर्वी पाणी कोठून येते ते पाहावे. सरकलेली कौले, तुंबलेली पन्हळ, माळवदाची बुजलेली पाण्याची वाट ही नेहमीची कारणे होत. याखेरीज एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, शाळेच्या पटांगणात भिंतीला चिकटून काँक्रीट होते, आणि एके काळी दोन फूट उंच असलेले जोते जमिनीच्या पातळीला येते. पाणी मग थेट भिंतीत शिरते. अशा ठिकाणी भिंतीलगतची भर काढून उताराची गटारी करणे हे गिलाव्याहून अधिक महत्त्वाचे काम आहे. ते अंदाजपत्रकात पहिले असावे.

ओल भिंतीतूनच येते की हवेतील बाष्प भिंतीवर जमते, हे ओळखण्याचा सोपा उपाय आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावावा व एक-दोन दिवसांनी पाहावा. दव तुकड्याच्या आतल्या बाजूस असेल तर पाणी भिंतीतले. बाहेरच्या बाजूस असेल तर खोलीला वारा कमी पडतो असे समजावे.

यानंतर भिंत ठोकून पाहावी. बोटांच्या पेरांनी अथवा लाकडी मुठीने ठोकत गेले असता खणखणीत आवाज येतो तेथील गिलावा शाबूत आहे. 'बद्द' आवाज येतो तेथे तो सुटला आहे. सुटलेल्या भागाभोवती खडूने रेघ ओढावी. बहुतेक भिंतींचा मोठा भाग शाबूतच निघतो, आणि तो उगाच खरवडून काढण्याचे काही कारण नसते. सरसकट गिलावा काढण्याची बाब लिहिण्यास व मोजण्यास सोयीची असते, एवढेच.

येथे एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. गिलावा भिंतीला बळ देत नाही. तो तिचे दोष झाकतो मात्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जी घरे कोसळली, त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची संख्या मोठी होती. अशा भिंतीचे आतले व बाहेरचे अंग जोडदगडांनी बांधलेले नसेल तर दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येते. पोट आलेली भिंत ओळंब्याने तपासावी, अभियंत्यास दाखवावी. तिच्यावर गिलावा चढवून ती सरळ दिसेल असे करणे म्हणजे आत बसणाऱ्या मुलांची फसवणूक होय.

चुना व त्याची सिद्धता

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीपासून छप्पन्न किलो कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवला, वाळूबरोबर कालवून भिंतीवर लावला, की हवेतील तोच वायू शोषून त्याची हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. चुन्याच्या कामात घाई का चालत नाही, याचे उत्तर या 'हळूहळू'मध्ये आहे. चिकणमातीचा अंश असलेल्या कंकरापासून मिळणारा चुना पाण्याच्या सान्निध्यातही आवळतो. ओलसर जागी तो अधिक उपयोगी. भारतीय मानक ७१२ मध्ये चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. खरेदीच्या वेळी वर्ग लिहून मागवावा.

कळीचा चुना विझताना पाणी उकळू लागते व शिंतोडे उडतात. हे काम मुलांपासून दूर, डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे घालून करावे. डोळ्यात चुना गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहावे आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. विझवलेला चुना चाळून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो पुढे फुगतो आणि भिंतीवर फोड उठतात.

एक भाग चुना व दोन ते तीन भाग धुतलेली, कणीदार वाळू हे सर्वसाधारण प्रमाण होय. वाळूचा काही भाग कमी करून चांगल्या भाजलेल्या विटेची सुरखी घातली तर मिश्रण लवकर आवळते. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीत मळत. आज यंत्राची घाणी मिळते. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची जुनी रीत आहे. तिची प्रमाणे प्रत्येक भागातील गवंड्यांची निराळी. म्हणून नमुन्याचा हातभर तुकडा आधी करून पाहावा आणि मगच ती स्वीकारावी. पहिल्या थरात तागाचे बारीक तुकडे घातल्यास भेगा कमी पडतात. गिलाव्यात तंतू घालण्याची रीत या भूमीत फार जुनी आहे : वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्यक्ष कामात सुटलेला भाग कडा सरळ कापून काढावा. विटांमधल्या दर्जा अर्धा इंच खोल उकरून कुंच्याने धूळ झाडावी आणि भिंत पाण्याने भिजवून घ्यावी. कोरडी भिंत गिलाव्यातील पाणी ओढून घेते व गिलावा भुकटी होऊन गळतो. एका थराची जाडी दहा-बारा मिलिमीटरहून अधिक नसावी. पहिला थर आवळला की त्यावर टाचे मारून काही दिवसांनी दुसरा थर द्यावा, शेवटी नीरूचा पातळ हात देऊन घोटावे. ओले बारदान टांगून भिंत निदान आठवडाभर दमट ठेवावी. वरून तैलरंग अथवा प्लॅस्टिकचा रंग देऊ नये. तो सिमेंटप्रमाणेच वाट अडवतो. चुन्याची सफेदी द्यावी.

छताचा गिलावा

ब्रिटिश अमदानीतील बंगले, विश्रामगृहे व कचेऱ्या यांत लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा केलेली छते अजून दिसतात. पट्ट्यांच्या फटींतून वर गेलेला चुना पलीकडे पसरून आवळतो आणि त्या आकड्यांवर सारे छत तोलले जाते. हे आकडे तुटले की छत फुगते. असा भाग दिसताच खोली रिकामी करावी, गादीचे कापड लावलेली फळी खालून टेकवून धिरे द्यावेत आणि वरून पट्ट्यांना वाळवी लागली आहे का ते पाहावे. पट्ट्या निकोप असतील तर रुंद चकत्या घातलेल्या स्क्रूंनी गिलावा पुन्हा पट्ट्यांना आवळता येतो. पडलेल्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी ठोकून तीन पातळ थर द्यावेत.

लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या छताचा गिलावा पडतो तो आजार निराळा. तेथे गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडत असते. चुना अथवा नुसता नवा गिलावा हा त्यावर उपाय नव्हे. अशा छताखाली वर्ग भरवणे थांबवून अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

जुन्या सफेदीखाली कधी कधी चित्रे असतात. मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे प्रसिद्धच आहेत. अनाम वाड्यांतही रंगाचे पट्टे, वेलबुट्ट्या निघतात. म्हणून खरवडण्यापूर्वी दोन-चार ठिकाणी सफेदीचे थर सुरीने हलकेच उलगडून पाहावेत. वास्तू १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली संरक्षित असेल तर पुरातत्त्व संचालनालयाच्या अनुमतीवाचून हात लावू नये.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. अनुदान बहुधा मार्चअखेर खर्ची पडते आणि गिलावा एप्रिलच्या उन्हात तडकतो. चुन्याच्या कामाचा खरा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. त्यासाठी पाहणी भर पावसाळ्यातच, ओल डोळ्यांना दिसत असताना करावी. अंदाजपत्रक ऑगस्टमध्ये सादर व्हावे. आणि त्यात चुना मुरवण्याचे तीन आठवडे व भिंत दमट ठेवण्याची मजुरी या बाबी स्वतंत्रपणे दाखवाव्यात.